पाचव्या मॉडेलच्या भिंती

वलगावात अब्दुल रहीमचं घर विचाराल तर चार जण डोकं खाजवतील. बाशिंगवाले चाचा म्हणा, लगेच कोणीतरी दारापर्यंत आणून सोडेल. आणि बाशिंगं म्हणजे नवरदेवाची नव्हे हो, बैलांची. पोळ्याला बैलाच्या कपाळावर झळकतं ते बाशिंग. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, वरून बेगड आणि मधोमध उभा तुरा. बैल उधळो, शिंगं घासो, तोरणाखाली शेजारच्या बैलाशी झोंबो, रहीमचाचाचा तुरा काही जागचा हलायचा नाही. कारण प्रत्येक उभ्या गोष्टीला तो आतून टेकू द्यायचा. "जे हलते त्याले टेकू पायजे," असं तो म्हणायचा, आणि म्हणायचा ते अशा थाटात, की समोरच्याला वाटावं हा हेडमास्तर होऊन रिटायर झाला आहे. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. पण कामाचा ताठा किती! कोणी म्हटलं, चाचा, इथं जरा वाकडं वाटतं, की संपलंच. बाशिंग परत ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "मंग दुसरीकडून घे."

पुढे ती वाईट वर्षं आली. सांगायला नको, वऱ्हाडात राहिलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहेत. कपाशी हातची गेली आणि पेपर उघडायची भीती वाटू लागली. लोकांनी आधी जी गोष्ट विकली ती बैल. देवराव म्हणून रहीमचं जुनं गिऱ्हाईक होतं, पांढऱ्याशुभ्र जोडीला दरवर्षी नवं बाशिंग घ्यायचं. त्या साली तो रिकाम्या हातांनी ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "चाचा, औंदा बाशिंग नको. बैलच नाही राह्यले." रहीमनं चहा पाजला. करणार काय? भाड्याच्या ट्रॅक्टरला कोणी बाशिंग बांधत नाही.

रहीमची मुलगी तुबा तेव्हा अमरावतीला बारावीत होती. सायन्सला. सकाळी कॉलेज, दुपारी राजापेठेत ट्यूशन, संध्याकाळच्या बसनं घरी. पोरगी हुशार होती, आणि हुशारीपेक्षा जास्त म्हणजे तिला त्या झाडापाल्याचं वेडच होतं. बांधावरचं गवतही नावानं ओळखायची. बीएस्सी करायची, बॉटनी घ्यायची आणि देवमन सरांसारखं शिकवायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. देवमन सर म्हणजे तिचे बॉटनीचे प्राध्यापक. सरांचा बाप दुसऱ्याच्या शेतात सालदारकी करता करता थकला होता. सर कष्टानं वर आलेले, म्हणून शिकणाऱ्या पोरीवर त्यांचा जीव. पण रहीमच्या घरी बाशिंगाचा धंदा बसला होता आणि बारावीनंतर काय, हा प्रश्न जेवताना रोज ताटाशी येऊन बसायचा.

अशात तुबानंच वाट काढली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी मॉडेलं उंदरांनी खाल्ली होती. तिनं सरांना सांगितलं, माझे अब्बा लगद्याचं असं काम करतात की बघत राहावं. सर स्कूटरवर वलगावला आले. बाशिंगं पाहून त्यांचे डोळेच चमकले.

"रहीमभाई, मला पाच मॉडेलं करून द्या. फुलाच्या अंडाशयात बीजांडं कशी मांडलेली असतात, ते पोरांना हातात धरून दाखवायचं आहे. पाच तऱ्हा, पाच मॉडेलं. खाली मराठीत नावं घाला. ही जमली तर बाकीच्या कॉलेजांचंही काम तुमच्याकडेच आणतो."

अंडाशय म्हणजे फुलाच्या पोटातली ती फुगीर कुपी, आणि बीजांडं म्हणजे पुढे ज्यांच्या बिया होतात ते बारके दाणे. हे रहीमला तुबानं नंतर समजावलं. सरांसमोर त्यानं आपली मान डोलावली होती.

सर गेल्यावर तो अनवरीला, म्हणजे बायकोला, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुबा, हे काम चाललं तं तुले बीएस्सी करवतो. जबान देतो." पोरगी नाचायचीच काय ती बाकी होती.

काय दिवस होते ते! तुबानं अम्मीच्या स्वयंपाकघरातच बापाची शाळा भरवली. तुरीची शेंग उकलून दाखवली: पाहा अब्बा, सगळे दाणे एकाच काठाला धरून आहेत. पपई चिरली: इथं मधे काहीच नाही, बिया सगळ्या भिंतीला. टमाटर आडवं कापलं: इथं मधे दांडा, दांड्यापासून सालीपर्यंत भिंती, म्हणजे खोल्या झाल्या, आणि बिया मधल्या दांड्याला. सूर्यफुलाचा एक दाणा सोलला: तळाशी एकच बी, बसल्यासारखी. रहीम हरखून गेला. आयुष्यभर हे सगळं खाल्लं, पण बी कुठं चिकटली आहे हे कोणी पाहतं का? "वा रे उपरवाल्या, काय कारीगरी हाय," म्हणाला आणि लगदा भिजत घातला. बीजांडांसाठी त्यानं जवारीचे दाणे घेतले, पांढरा रंग देऊन वॉर्निश केले. चार मॉडेलं अशी उतरली की अनवरीनं शेजारच्या सुभद्राबाईला हाताला धरून आणून दाखवली.

पाचवं मात्र अडलं. पुस्तकात डायंथस नावाच्या फुलाचं चित्र होतं, बंगल्यांच्या कुंड्यांत लावतात ते. वलगावात कुठून यायचं? चित्रात अंडाशयाच्या मधोमध एक खांब होता, त्याला चहूबाजूंनी बीजांडं लगडलेली, आणि भिंत एकही नाही. सरांनी नाव दिलं होतं मुक्तमध्य. रहीमनं खांब केला, दाणे चिकटवले, बाहेरचं कवच अर्धं उघडं ठेवलं. मग त्या एकट्या खांबाकडे बघत बसला. त्याला ते सोसवेना. काही उभं आहे आणि त्याला टेकू नाही! त्यानं पातळ पुठ्ठा कापला आणि खांबापासून कवचापर्यंत झकास भिंती घातल्या. वरून गुलाबी रंग.

तुबा ट्यूशनवरून आली, दप्तर काढायच्या आधी तिची नजर गेली. "अब्बा, ह्या भिंती काहून टाकल्या?"

"मंग? खांब पडीन ना."

"चित्रात नाहीत भिंती. भिंती टाकल्या तं हे टमाटरवालं झालं. या दोघांत फरक तेवढाच हाय अब्बा, याच्यात भिंत नसते."

"चित्रातला खांब कागदावर उभा हाय. माह्यावाला ॲटोत बसून अमरावतीले जाईन. रस्त्यात पडला तं तुहे सर मले काय म्हणतीन?"

"पडणार नाही. करून तं पाहा."

"तू मले शिकवशील?" झालं. आवाज चढला की पुढे बोलणं नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पोरगीही त्याचीच. दुसऱ्या दिवशी बांधावरची घोळ उपटून घेऊन आली. घोळ म्हणजे आपली रोजची पालेभाजी, तणासारखी कुठंही उगवते ती. तिचं बोंड जवारीच्या दाण्याएवढं. "अब्बा, घोळीतही तसंच असते. नखानं असं दाबलं की डबीसारखं झाकण निघते. आत मधोमध दाणे, भिंत नाही. पाहा ना." आणि तळहात त्याच्या नाकासमोर धरला.

रहीमनं पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्याला दिसलंच नसतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, बारीक काम अंदाजानं चाललं होतं आणि ते तो कोणाला कळू देत नव्हता. कारागिराचे डोळे गेले हे कळलं तर काम कोण देणार? "घोळ भाजी करून खात असतात," तो खेकसला. "मले तिचं पोट फाडून दाखवू नको."

"अवो, पाहा ना जरा, पोरगी एवढं म्हणते तं," अनवरी चुलीजवळून म्हणाली.

"तू बी बॉटनी शिकली काय?"

तुबानं मूठ मिटली. त्या दिवशी त्यांच्या घरी घोळीचीच भाजी झाली.

पाचही मॉडेलं कॉलेजात पोचली. देवमन सर चकाकता रंग पाहून इतके खूश झाले की त्यांनी नावं वाचली, पाठ थोपटली आणि काचेच्या कपाटात मांडून टाकली. नीट पाहायला हवं होतं त्यांनी. तुबा तिथंच उभी होती. अब्बांचा फुललेला चेहरा पाहून तिनंही जीभ आवरली. इथवर सगळे आपापल्या परीनं चुकले, असं म्हणता येईल. पुढचं मात्र एकट्या रहीमचं.

बारावीचं प्रॅक्टिकल आलं. बाहेरगावचे परीक्षक. टेबलांवर नमुने मांडलेले, खालची नावं कागद चिकटवून झाकलेली. पोरांनी ओळखून कारणासह लिहायचं. परीक्षकांच्या हातात सरांनी दिलेली उत्तरं होती आणि पाचव्यापुढे लिहिलं होतं, मुक्तमध्य. पोरांना तर समोर भिंती दिसत होत्या. दीक्षा म्हणून तुबाची मैत्रीण होती, ती आणि बाकीचे सगळे टमाटरवालं नाव लिहून मोकळे झाले. बरोबरच लिहिलं होतं त्यांनी, दिसतं ते. परीक्षकांनी पहिल्याच उत्तराला लाल काट मारली.

तुबाला उत्तर ठाऊक होतं. मुक्तमध्य एवढंच लिहायचं, मार्क तिचे. पण ती उभी राहिली. "सर, पोरं बरोबर हायेत. मॉडेल चुकलंय. याच्यात भिंती नसायला पाहिजेत."

"तुला काय माहीत?"

"माझ्या अब्बांनी बनवलंय."

हे सगळं रहीमला देवमन सरांच्याच तोंडून कळलं. सर पाचवं मॉडेल खोक्यात घालून घेऊन आले होते आणि ओट्यावर बसून अवघडल्यासारखे बोलत होते. "रहीमभाई, चूक माझी. मी घेतानाच पाहायला हवं होतं. साऱ्या वर्गाचे मार्क पोरीनं वाचवले, एवढं धाडस मी तिच्या वयात केलं नसतं. आता एवढ्या भिंती काढून द्या, बस. प्राचार्य म्हणतात, हे दुरुस्त झालं की पुढचं काम काढू."

दुसरा कोणी असता तर तिथंच चाकू आणून काम उरकलं असतं. पण रहीमच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. भर परीक्षेत, परक्या माणसासमोर, माझ्या अब्बांनी बनवलंय.

"सर," तो म्हणाला, "एकदा हातावेगळं केलेल्या कामाले मी पुन्हा हात लावत नाही. तुमाले पटत नसन तं ठेवून जा."

सर खोकं ठेवून गेले.

तुबा घरी आली तशी रहीम कडाडला, "बापाचं नाक कापून आली?"

"अब्बा, मी खोटी चूप राह्यली असती तं साऱ्यांचे मार्क गेले असते. दीक्षाचे गेले असते."

"गेले असते तं गेले असते!"

ती अगदी हळू म्हणाली, "मी काढते भिंती. ब्लेडनं. तुमी नका हात लावू. सरांकडे मीच नेऊन देते."

"हात लावला तं याद राख." आणि खोकं उचलून त्यानं माळ्यावर फेकल्यासारखं ठेवून दिलं.

किती वेळा विचारलं पोरीनं! चहा देताना विचारलं, इस्त्री करताना विचारलं, एकदा रडून विचारलं. हो म्हणायला काय लागत होतं? पण माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला स्वतःचं घर जळतानाही ऊबच लागते. पुढचं काम आलं नाही. येणार कुठून? निकाल लागला, तुबाला सुरेख मार्क पडले, देवमन सर बीएस्सीचा फॉर्म स्वतः घेऊन आले. त्याच सुमारास अकोल्याहून तुबाच्या मामूनं जठारपेठेतलं स्थळ आणलं. मुलगा फुरकान, पडद्यांच्या कापडाचं दुकान, माणसं चांगली. रहीमनं हो म्हणून टाकलं.

अनवरीनं त्याला एकदाच टोकलं. "तुमी पोरीले जबान दिली होती."

"काम चाललं तं, असं म्हटलं होतं मी. चाललं काय काम?"

फॉर्म कोराच राहिला. तुबा निकाहाच्या दिवशी रडली तीही फारशी नाही. जाताना बापाला म्हणाली, "डोळे दाखवून या अब्बा. तुमाले दिसत नाही, मले माहीत हाय." म्हणजे पोरीला तेही कळलं होतं आणि तिनं ते कोणासमोर काढलं नव्हतं. रहीमच्या छातीत तेव्हाच काहीतरी रुतलं होतं. पण तो रहीम, कबूल कसा करेल?

वर्षं गेली. तुबाला मुलगी झाली. रहीमच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला, काम सुटलं, आणि शेवटी शिबिरात ऑपरेशन होऊन चष्मा लागला. जग एकदम धुतल्यासारखं झालं. पहिले काही दिवस तो नुसता बघत बसायचा, भिंतीवरची मुंगी, अनवरीच्या हातावरच्या सुरकुत्या. अनवरीला म्हणालाही, "तू म्हातारी झाली ना वं," आणि शिव्या खाल्ल्या.

अशाच एका सकाळी अनवरी सुपात घोळ निवडत होती. रहीम शेजारी बसला होता. हाताला चाळा म्हणून त्यानं एक काडी उचलली, पिवळट बोंड नखानं दाबलं. टप्पकन झाकण निघालं. डबीसारखं.

आत मधोमध काळे बारके दाणे होते. बारीक दोऱ्यांसारख्या देठांवर, एका जागी, सगळे मधोमध. बाजूला भिंत नव्हती.

त्यानं दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. अनवरी म्हणाली, "भाजीचा सत्यानाश काहून करून राहिले?" तो हातातली काडी सुपात टाकून उठला, माळ्यावरून खोकं काढलं. धुळीत ते मॉडेल तसंच होतं, गुलाबी भिंतींसकट. अनवरीनं चहा आणून समोर ठेवला. रहीमनं चाकू घेतला आणि एक एक भिंत कापून काढली. जुनी खळ, पातळ पुठ्ठा. काही जोरच लागला नाही. शेवटची भिंत निघाली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

खांब उभा होता. त्यानं मॉडेल हातात घेऊन हलवलं, बैल मान झाडतो तसं गदागदा हलवलं. एक दाणासुद्धा पडला नाही. चहा अजून कोमट होता. रहीम त्याच्याकडे बघत बसला आणि मग इतका रडला, इतका रडला, की अनवरी घाबरून म्हणाली, "अवो, ऑपरेशनचे डोळे हायेत, रडू नका."

दुसऱ्या दिवशी तो मांडीवर खोकं घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसला. वाटभर तो सरांनी मॉडेलला दिलेलं नाव पुटपुटत होता. त्या वेळी बुडाशी ते त्यानंच रंगवलं होतं, पण उच्चारायची वेळ कधी आली नव्हती. शेजारच्या माणसाला वाटलं, म्हातारा दुआ मागतो आहे.

जठारपेठेत दार तुबानंच उघडलं. "अब्बा! असे अचानक? अम्मी बरी हाय ना?" अंगानं भरली होती, ओढणीला पिठाचे हात पुसलेले. आत गॅसवर काहीतरी शिजत होतं, ओट्यावर टमाटर चिरायला घेतलेले. तिची छोटी कोपऱ्यात बाहुलीला जेवू घालत होती. रहीमनं पाणीसुद्धा घेतलं नाही. खोकं उघडून मॉडेल ओट्यावर, टमाटरांच्या शेजारी ठेवलं.

तुबानं ओळखलं. तिचा चाकू थांबला.

"भिंती काढल्या," रहीम म्हणाला. घरून जुळवून आणलेलं बाकी बोलणं विसरला होता.

तिनं बोट लावून खांब ढकलून पाहिला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग ओठांशीच हसली. "काय म्हणत होते बरं याले? पाहा, तोंडावर हाय आणि येऊन नाही राह्यलं. एवढं पाठ होतं मले." ती आठवत राहिली, कपाळाला आठ्या घालून, आणि तिला आठवेना.

"मुक्तमध्य," रहीम म्हणाला.

"हो. मुक्तमध्य." नवीन पोरीनं वर्गात म्हणावं तसं तिनं ते एकदा म्हटलं. खांबावरून बोट काढलं नाही. "किती वेळ लागला काढाले?"

रहीमला खोटं बोलता आलं असतं. पण आता तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"अम्मीनं चहा दिला होता," तो म्हणाला. "तो थंडही नाही झाला."

तुबानं बापाकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर रहीमला सोपं गेलं असतं.

"एवढंच होतं, अब्बा?" ती म्हणाली.

गॅसवरचं उतू जाऊ लागलं. तिनं मॉडेल उचलून फ्रिजवर ठेवलं, आच कमी केली, आणि राहिलेले टमाटर चिरायला घेतले.